इलेक्टाचा डावा गाल

लुएलाला जाऊन सात महिने झाले होते, तरी ऑरिन डिट्झ मंगळवारी आणि गुरुवारी दोन डबे भरायचा. एकात त्याचं सँडविच, दुसऱ्यात तिचं. झाकण लावताना ध्यानात यायचं. मग तो तसेच दोन्ही डबे घेऊन जायचा आणि तिच्या वाटचं सँडविच संध्याकाळी घरी खायचा. टाकवत नसे.

मंगळवार आणि गुरुवार हे त्या दोघांचे तळघराचे दिवस. ओहायोतल्या त्या लहानशा गावात काउंटीच्या इतिहास मंडळाची कचेरी जुन्या बँकेच्या इमारतीत होती, आणि कागदपत्रं खाली तळघरात, जिथे पूर्वी बँकेची तिजोरी होती तिथे. ऑरिनने तिथे एकतीस वर्षं नोकरी केली. निवृत्त झाल्यावरही आठवड्यातून दोनदा जायचं त्याने सोडलं नाही. लुएलाला पगार कधीच नव्हता. एकदा ती नवऱ्याचा विसरलेला डबा द्यायला आली, कुणीतरी तिला म्हणालं की एवढी एक यादी टाइप करून देशील का, आणि ती बसली ती तीस वर्षं बसली. मंडळातली प्रत्येक यादी, प्रत्येक पाकिटावरची चिठ्ठी तिच्या हातची होती. तिच्या टाइपरायटरचा 'e' जरा वर उडायचा, त्यावरून ओळखू यायचं.

ऑरिनचे नियम गावात प्रसिद्ध होते. तळघरात शाई आणायची नाही, फक्त पेन्सिल. पेन्सिलीच्या टोकाचं रबर तो चिमट्याने उपटून टाकायचा, कारण नोंद खोडायची नाही. चुकली तर तिच्यावरून एकच रेघ ओढायची, खालचं वाचता येईल अशी, आणि पुढे बरोबर काय ते लिहून सही-तारीख घालायची. खात्री नसेल तिथे आधी 'बहुधा' लिहायचं. आणि जुनं पाकीट बदलताना एका वेळी एकच फोटो हातात घ्यायचा. तो बाहेर काढा, नाव उतरवा, नव्या पाकिटात घाला, मगच दुसऱ्याला हात लावा. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला तो हे सांगायचा, आणि लुएला टाइप करता करता मागून म्हणायची, "ऐकून घ्या बाई, नाहीतर परत पहिल्यापासून सांगेल."

जूनमधल्या एका मंगळवारी इंडियानाहून रोवेना स्ट्रिकलर नावाची बाई आली. वय सहासष्ट, बत्तीस वर्षं शाळेची बस चालवलेली, त्यामुळे आवाज मागच्या बाकापर्यंत जाईल असा. तिने तीन वर्षांपूर्वी पत्र लिहून आपल्या पणजीच्या फोटोची प्रत मागवली होती. ती ऑरिननेच पाठवली होती. आता तिला खरा फोटो डोळ्यांनी पाहायचा होता. जुलैच्या दुसऱ्या शनिवारी त्यांच्या सगळ्या कुळाचं वार्षिक संमेलन होतं, चार राज्यांतून माणसं येणार होती, आणि या वर्षी सगळ्यांसाठी हिरवे टी-शर्ट छापून घेतले होते. छातीवर पणजीचा तोच फोटो. नमुना म्हणून एक शर्ट तिने अंगातच घातला होता.

पणजीचं नाव इलेक्टा पर्डी. आईबाप तापात गेल्यावर ती पाइक हिलच्या बालगृहात आली आणि सोळाव्या वर्षी एका शेतकऱ्याकडे कामाला गेली. पुढे त्याच्याच पुतण्याशी तिने लग्न केलं, नऊ मुलं झाली, आणि त्या नऊ मुलांची आता चार राज्यांत पोरंबाळं होती.

बालगृह कधीच बंद पडलं होतं. त्याचे कागद १९८९ साली मंडळाकडे आले, सफरचंदाच्या खोक्यांत भरून, कुणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्यातून. दाखल झालेल्या मुलांचं रजिस्टर, मेट्रनच्या रोजनिशा, मुलांना तिथे सोडून गेलेल्या आयांची पत्रं, आणि त्रेचाळीस फोटो. १८७८ च्या उन्हाळ्यात एक फिरता फोटोवाला आला होता, त्याने एकेका मुलाला खुर्चीवर बसवून लोखंडी पत्र्यावर ते फोटो काढले होते. तळहातात मावेल एवढा पत्रा, वर काळसर वार्निश. पत्र्यावर नाव लिहिता येत नाही, म्हणून मेट्रनने प्रत्येक पत्रा कागदी खोळीत घालून खोळीवर पेन्सिलीने नाव लिहिलं होतं.

मंडळाची सध्याची प्रमुख जोलीन व्हिटेकर हिने पाकीट आणून रोवेनाच्या पुढे ठेवलं. जोलीन चाळिशीची, मोठ्या विद्यापीठात हेच शिकून आलेली, पण ऑरिनला मान देणारी. रोवेनाने पत्रा दोन्ही हातांत धरून पाहिला. मग तिने पर्समधून एक फोटो काढला. हा कागदावरचा, नेहमीसारखा. चुलत बहिणीच्या शिलाई मशीनच्या खणात यंदाच सापडला होता. त्यात इलेक्टा साठीची होती, दारात बसून घेवड्याच्या शेंगा मोडत होती. डाव्या गालावर गालफडापासून हनुवटीपर्यंत भाजल्याचा डाग.

"आता हा बघा," रोवेना म्हणाली आणि पत्रा त्याच्या शेजारी ठेवला. केसात रिबीन बांधलेली मुलगी, चौकड्याचा झगा, आणि डाव्या गालावर डाग. "डावा आणि डावा. मला कुणी विचारलं की ही तीच कशावरून, तर आता हे दाखवीन. बाजू तीच."

जोलीन हसली. ऑरिनही हसला. आणि हसता हसता मधेच थांबला.

कारण बाजू तीच असायला नको होती. पत्र्यावरचा फोटो आरशासारखा असतो. त्याला मधे काचेची निगेटिव्ह नसते, उलटसुलट करून घेण्याची सोय नसते. कॅमेऱ्यात जे पडतं तेच पत्र्यावर राहतं, डाव्याचं उजवं होऊन. म्हाताऱ्या इलेक्टाचा डाग कागदावर डाव्या गालावर होता, तर लहानपणीच्या पत्र्यावर तो उजव्या गालावर दिसायला हवा. ही रिबीनवाली मुलगी, जिच्या डाव्या गालावर डाग दिसत होता, तिचा डाग खरा उजव्या गालावर होता. ही इलेक्टा नव्हती.

आणि त्याला लुएलाचा आवाज ऐकू आला. अगदी शेजारी बसून बोलावी तसा.

त्या १९८९ च्या ऑक्टोबरात राज्याच्या राजधानीहून, कोलंबसहून, दोन गृहस्थ संग्रह पाहायला यायचे होते. खोळी कुजलेल्या, सगळं नव्या पाकिटांत घालायचं होतं, आणि ऑरिनला उशीर झाला होता. त्याने आपलाच नियम मोडला. एकदम सहा पत्रे काढले, ब्रशने साफ करायला ओळीने मांडले. मग वर फोन वाजला म्हणून तो गेला. परत आल्यावर कुठली खोळ कुठल्या पत्र्याची ते सांगता येईना. चार मुलगे होते, ते वयावरून लागले. उरल्या दोन मुली, दोघी नऊ-दहा वर्षांच्या, दोघींचा झगा एकाच ताग्यातला. खोळींवर दोन नावं: इलेक्टा पर्डी आणि हेस्टर बॉग्ज. त्याने रजिस्टर उघडलं. अंगावरच्या खुणांच्या रकान्यात इलेक्टापुढे लिहिलं होतं, 'भाजल्याचा डाग, डावा गाल'. हेस्टरपुढे, 'कुत्रा चावल्याचा व्रण, उजवा गाल'. पत्र्यावर व्रण आणि डाग यांत फरक कळत नव्हता. त्याने डावीकडे खूण दिसणारीला इलेक्टा म्हटलं, दुसरीला हेस्टर, आणि लुएलाला चिठ्ठ्या टाइप करायला सांगितल्या. 'बहुधा' लिहिलं नाही. खोळी टाकून दिल्या.

पाहुणे आले तेव्हा लुएला टाइपच करत होती. तिने पत्रा हातात धरून विचारलं, "ऑरिन, हे आरशातल्यासारखं असतं ना रे? म्हणजे डाव्याचं उजवं?"

विचारायला ती चुकीच्या वेळी विचारत होती, कोलंबसच्या माणसांसमोर. ऑरिन त्यांच्याकडे वळून म्हणाला, "माझी बायको टाइप सुरेख करते. विचार करायचं खातं माझ्याकडे आहे."

ते दोघे हसले. लुएलाही हसली, कागद टाइपरायटरमध्ये सरकवला आणि जे सांगितलं होतं ते टाइप केलं.

ती दोन पाकिटं ऑरिनने पुढे कधी उघडली नाहीत. त्याला चूक माहीत होती असं नाही. पण तपासून पाहिलं असतं तर माहीत झाली असती, म्हणून त्याने तपासलं नाही. तीन वर्षांपूर्वी रोवेनाचं पत्र आलं तेव्हा लुएलाने उत्तर टाइप केलं आणि प्रत पाकिटात घालायच्या आधी एवढंच म्हणाली, "एकदा बघून घेतोस का?" तो म्हणाला, बघितलंय. त्यावर तिने प्रत पाकिटात घातली. नंतर ती आजारी पडली, आणि मग बोलायला दुसरंच बरंच होतं.

हे सगळं आठवायला त्याला फार वेळ लागला नसेल, कारण रोवेना अजून शर्टावरची रिबीन आणि पत्र्यावरची रिबीन जुळवून दाखवत होती. जोलीनच्याही आता ते ध्यानात आलं. तिच्या कपाळावर आठी पडली, तिने पत्रा उचलला, कागदाच्या फोटोकडे पाहिलं, पुन्हा पत्र्याकडे पाहिलं, आणि कपाटातून रजिस्टर आणि हेस्टर बॉग्जचं पाकीट घेऊन आली. हेस्टरच्या पाकिटातली मुलगी उघड्या केसांची, ओठ घट्ट मिटलेली, आणि उजव्या गालावर खालपर्यंत डाग. जोलीनने पर्समधला आरसा तिच्यापुढे धरला. आरशात डाग डाव्या गालावर आला, आणि तिथे घेवड्याच्या शेंगा मोडणारी म्हातारी स्पष्ट दिसली. जिवणीसुद्धा तीच.

जोलीनने रोवेनाला हळूहळू समजावून सांगितलं. रोवेनाने दोन्ही पत्रे पाहिले, मग मान खाली घालून स्वतःच्या छातीवरच्या मुलीकडे पाहिलं. "शेहेचाळीस शर्ट छापलेत," ती म्हणाली. "मोठ्या मापाचे सतरा." मग तिने विचारलं, हे झालं कसं?

प्रश्न कुणा एकाला नव्हता, पण दोघी ऑरिनकडे पाहत होत्या. त्याच्यामागच्या भिंतीवर लुएलाचा फोटो होता, मंडळाने फेब्रुवारीत लावलेला, टाइपरायटरजवळ बसलेली.

"चिठ्ठ्या माझी बायको टाइप करायची," ऑरिन म्हणाला. "अदलाबदल झाली असेल तिच्या हातून."

तो बोलून गेला आणि वाट पाहत राहिला, की आपणच पुढे काही बोलू.

रोवेनाने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. तिने विचारलं, ह्याच का, आणि कधी गेल्या. नोव्हेंबरात, तो म्हणाला. ती म्हणाली, "तीस वर्षं टाइप करायचं म्हणजे एखादं इकडचं तिकडे होणारच हो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." आणि तिने त्याच्या हातावर थोपटलं. ते थोपटणं ऑरिनला मनगटापासून खांद्यापर्यंत जाणवलं.

गुरुवारी तो तळघरात गेला तेव्हा टेबलावर पाइक हिल संग्रहाची वही उघडी होती. प्रत्येक संग्रहाची अशी एक वही असते. तो कुठून आला, कुणी लावला, लावताना काय केलं, काय चुकलं, हे तीत लिहून ठेवायचं म्हणजे पुढे येणाऱ्याला कळतं. जोलीनने शेवटच्या पानावर पेन्सिलीने नीट अक्षरात लिहिलं होतं: 'फोटो क्र. १७ व १८ यांची नावं १९८९ साली टाइप करताना चुकून एकमेकांच्या जागी पडली होती (लुएला डिट्झ). आता दुरुस्त केली.' खाली सही आणि तारीख.

त्याने ते उभ्यानेच वाचलं. मग खुर्ची ओढून बसून वाचलं.

जोलीनने वाईट काही केलं नव्हतं. त्याने सांगितलं ते तिने लिहिलं, आणि लिहायला त्यानेच शिकवलं होतं. दीडशे वर्षांनी मेट्रनच्या हातचं आपण वाचतो, तसं हे कुणीतरी वाचणार होतं. लुएलाने आयुष्यात नाव कुठे लावलं नव्हतं. एवढ्या याद्या केल्या, एकीखाली सही नाही. ऑरिनने कधी कर म्हटलंही नाही. मंडळाच्या सगळ्या कागदांत तिचं नाव एकाच ठिकाणी आलं होतं, ते इथे.

हातात पेन्सिल होती. तो बसला होता आणि त्याला वाटत होतं की आता लिहावं. वरून जोलीनच्या चालण्याचा आवाज आला. त्याने वही मिटली आणि जागेवर ठेवली.

गाव लहान. शनिवारी सकाळी तो खानावळीत अंडी खायला गेला. आठवड्यातून एकदा तो जायचा, घरी स्टोव्हपुढे एकट्याने उभं राहायचा कंटाळा येई म्हणून. तिथे ड्वाइट कूगल बसला होता, शाळेपासूनचा मित्र, कुणाची खेचल्याशिवाय कॉफी न पिणारा. "काय लेका ऑरिन," तो म्हणाला, "लुएलाने म्हणे इंडियानावाल्यांना दुसऱ्याचीच पणजी दिली? आणि त्यांनी ती तीन वर्षं सांभाळली. माझ्या सासूचं असं काही जमतंय का बघ की." सगळा कट्टा हसला. ड्वाइटच्या मनात लुएलाबद्दल वाकडं काही नव्हतं. तिच्या मयतीला खांदा दिलेला माणूस.

आणि ऑरिन हसला.

हसणं ऐकू आलं तसं त्याला कळलं की हे आपण पूर्वी ऐकलंय. कोलंबसच्या माणसांचं होतं हे. त्या दिवशी ते हसले होते तेव्हा लुएला कागद सरकवत होती, आणि आज ती कागद सरकवायलाही नव्हती. त्याने अंडी अर्धी टाकली. ड्वाइटला त्याच वेळी सांगायला हवं होतं. तो म्हणाला, पोट बरं नाही, आणि बाहेर पडला.

गाडीत तो बराच वेळ बसून राहिला. शेजारच्या सीटवर लुएलाचा स्वेटर होता, गाडीत नेहमी थंडी वाजायची म्हणून ठेवलेला. तिला माहीत होतं, असं त्याला तेव्हा पहिल्यांदा नीट वाटलं. अठ्ठावीस वर्षं तिला माहीत होतं, आणि तिने एकदाही टोचून दाखवलं नव्हतं. फक्त एकदा म्हणाली, बघून घेतोस का. ती त्याला संधी देत होती, आणि तो म्हणाला होता बघितलंय.

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी त्याने खऱ्या इलेक्टाच्या पत्र्याची मोठी प्रत चौकटीत घातली आणि अडीच तास गाडी चालवत इंडियानाला गेला. पत्ता रोवेनाच्या जुन्या पत्रात होता. नदीकाठच्या बागेत छपराखाली लांब टेबलं मांडली होती, आणि जिकडेतिकडे हिरवे शर्ट. म्हातारे, बाया, कडेवरची पोरं, सगळ्यांच्या छातीवर हेस्टर बॉग्ज. ती कागदी पत्रावळ्या मांडत होती, बटाट्यांच्या ट्रेवर मीठ भुरभुरत होती, घोड्याचे नाल फेकायच्या खेळात वाकत होती. ऑरिन चौकट छातीशी धरून त्यांच्यातून चालत गेला. जिकडे बघावं तिकडून ती त्याच्याकडे पाहत होती.

रोवेना नूडल्सच्या मोठ्या पातेल्यापाशी होती. त्याला पाहून तिला खरंच आनंद झाला. चौकट पाहून तर तिने डोळे पुसले. त्याला बसायला सांगितलं, म्हणाली, एवढ्या लांब कशाला आलात, टपालाने पाठवायची.

ऑरिन म्हणाला, "ती चूक लुएलाची नव्हती. माझी होती."

तिला वाटलं तो बायकोची बाजू घेतोय. म्हणून त्याला सगळं सांगावं लागलं. सहा पत्रे, फोन, फेकलेल्या खोळी, डावा-उजवा. लुएलाने काय विचारलं ते, आणि त्याने पाहुण्यांसमोर काय उत्तर दिलं ते. हे शेवटचं सांगताना त्याचा आवाज इतका खाली गेला की रोवेनाला पुढे वाकावं लागलं.

तिने हातातला डाव खाली ठेवला.

"फोटोचं जाऊ द्या," ती म्हणाली. "चुकतो माणूस. मी एकदा अख्खी बस भरून पोरं भलत्याच शाळेत नेली होती. पण तिचं नाव का घेतलंत?"

ऑरिनला उत्तर ठाऊक होतं: ती बोलणार नव्हती म्हणून. ते म्हणवलं नाही.

"मी ह्या सगळ्यांना सांगितलंय," रोवेना म्हणाली. "तुमच्या बायकोने घोळ घातला म्हणून. सकाळपासून हसतायत. मला एकटीला सांगून भागायचं नाही. त्यांना सांगा."

आणि त्याला हो-नाही म्हणायला न देता तिने डावाने पातेलं बडवलं. तिचा बसमधला आवाज नदीपर्यंत गेला. माणसं गोळा झाली. ती म्हणाली, हे ओहायोचे डिट्झ, ह्यांना काही सांगायचंय, आणि बाजूला झाली. मदत केली नाही.

ऑरिनने सांगितलं. थोडक्यात सांगितलं, पण काही गाळलं नाही. बायकोचं नाव लुएला होतं, ती टाइप करायची, तिला बरोबर माहीत होतं आणि तिने मला विचारलं होतं. मी तिला गप्प बसवलं, आणि ती गेल्यावर तिच्यावर ढकललं. ही तुमची इलेक्टा. त्याने चौकट वर धरली. मग ती टेबलावर टेकवली.

कुणी हसलं नाही. एका बाईने मुलाच्या तोंडाला लागलेलं पुसलं. मग पहिल्या बाकावरचा एक म्हातारा, रोवेनाचा मामा, आपल्या पोटावर ताणलेल्या चेहऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मग ही कोण?"

"हेस्टर बॉग्ज," ऑरिन म्हणाला. "पुढच्या हिवाळ्यात घटसर्पाने गेली. दहा वर्षांची होती. तिचं कुणी नव्हतं. बालगृहाच्या मागे पुरली, थडग्यावर दगड नाही."

म्हाताऱ्याने शर्टाची सुरकुती हाताने सरळ केली. आता तो तिच्यावर रस्सा सांडू नये म्हणून जरा जपून बसला. एवढंच झालं. हळूहळू लोक पुन्हा टेबलांकडे वळले. दोन-तीन जणांनी येऊन चौकटीतली मुलगी पाहिली आणि ऑरिनकडे न पाहता गेले.

रोवेनाने त्याच्यापुढे पत्रावळ आणून ठेवली, कुस्करलेल्या बटाट्यावर नूडल्स आणि बाजूला रुबार्बच्या आंबटगोड 'पाय'चा तुकडा. "जेवून जा," ती म्हणाली. "उपाशी कुणाला पाठवत नाही आम्ही. पण माझा राग गेलेला नाही, हे सांगून ठेवते."

तो म्हणाला, बरोबर आहे. आणि जेवला. पान टाकलं नाही.

मंगळवारी सकाळी तो तळघरात गेला आणि वही काढली. जोलीन खाली आली तेव्हा त्याने तिला बसवून सगळं सांगितलं. तिसऱ्यांदा सांगत होता, तरी सोपं झालं नव्हतं. जोलीन ऐकत राहिली. ती रागावली नाही, तेही त्याला बोचलं. ती म्हणाली, वहीत लिहिलेलं ते शेवटचंच पान आहे, त्यावर दुसरं काही नाही, मी ते सोडवून घेते आणि नवीन पानावर तुमचं लिहू. लुएलाचं नाव कुठे राहणार नाही. "कुणाला कळणारही नाही, ऑरिन."

त्याचा जीव त्या पानासाठी तुटत होता. ते पान फाडून घरी नेऊन चुलीत घालावं, याहून दुसरी इच्छा त्याला त्या वेळी नव्हती.

"पान काढायचं नाही," तो म्हणाला. "आपण काढत नाही."

त्याने पेन्सिल घेतली. लुएलाच्या टाइपरायटरसमोरच्या खुर्चीत तो कधी बसत नसे, आज टेबलापाशी तीच जागा रिकामी होती म्हणून बसला. जोलीनच्या ओळीवरून त्याने पट्टी ठेवून एक रेघ ओढली. तिच्याखाली लिहिलं:

'वरील मजकूर खोटा आहे. तो मी सांगितला. क्र. १७ व १८ ची नावं मी १९८९ साली चुकवली, खोळी टाकून दिल्या आणि अंदाजाला बहुधा लिहिलं नाही. लुएला डिट्झ यांनी त्याच दिवशी चूक दाखवली होती. मी ऐकलं नाही. या संग्रहाच्या सर्व याद्या व चिठ्ठ्या त्यांनी केल्या आहेत. त्यांच्या कामात चूक आढळलेली नाही. ऑरिन डिट्झ.' आणि तारीख.

जोलीनने वाचलं आणि वर गेली. पुढचं, खानावळीत जाऊन ड्वाइटला सांगायचं, ते शनिवारचं काम होतं.

ऑरिन पानाकडे पाहत बसला. त्याचं अक्षर वाईट होतं, पण वाचता येत होतं. त्याच्या वरचंही येत होतं. रेघेखाली 'टाइप करताना चुकून' आणि कंसातलं लुएलाचं नाव, अक्षर न् अक्षर दिसत होतं, आणि दीडशे वर्षांनीही दिसणार होतं. पेन्सिलीच्या टोकावर त्याचा अंगठा सवयीने गेला. तिथे रबर नव्हतं, नुसती पत्र्याची चिमटलेली कड होती.